आप्पांची बत्ती

दिवस मावळतीला आला की आमच्या शेजारचे आप्पा खाकी शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावत, टोपी नीट बसवत आणि शिडीनं घराच्या धाब्यावर चढत. वर एक रॉकेलचा कंदील होता. तो पेटवायचा, एवढ्यासाठी हा सगळा थाट.

मी एकदा चुकून "कंदील" म्हटलं, तर म्हणाले, "बत्ती म्हना. कंदील गोठ्यात असतोय."

आप्पा मेंढपाळाच्या घरातले. तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणात उतरले, तिथं समुद्रकाठी दीपगृह पाहिलं आणि मेंढरं भावाच्या हवाली करून तिथंच कामाला राहिले. उभी नोकरी त्या दिव्याची निगा राखण्यात गेली. रिटायर होऊन गावी आले ते ही सवय घेऊनच. भीमेच्या अलीकडे शिरूर तालुक्यातलं आमचं गाव, पलीकडे दौंड तालुका. समुद्र म्हणाल तर पार घाटाखाली.

पारावरची माणसं विचारायची, "आप्पा, जहाज कवा लागायचं बंदराला?"

"जहाजाचं जहाज बघंल. बत्ती लागली का, ह्येवढं आपलं काम."

या बत्तीमागं ते पितळेची परात उभी करत, उजेड थेट नदीवर पडावा म्हणून. परात रोज चिंचेनं घासायची. आपली घासून झाली की आप्पा दुसऱ्यांच्या घरात शिरत. लोडशेडिंगचे दिवस, घरोघरी कंदील. चहाला आले की आमच्या काचेवरून बोट फिरवून ते काळं बोट मला दाखवत. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, पाठीमागं फणफणत. "लई साहेब लागून गेला! मेंढरं राखायची सोडून जल्मभर काचा पुसल्या, आन् आता आमच्या पुसायला आलाय."

आप्पा मात्र गंभीर होते. सांगत, "बत्ती इझली तर साहेब कारण ऐकत न्हाई. वारं व्हतं म्हना, ताप व्हता म्हना. त्यो येकच इचारनार, का इझली?"

दिवाळीनंतरची गोष्ट. नदी तुडुंब होती. पलीकडं माझ्या भाचीची सुपारी फुटली. आम्ही बायकामाणसं नावेनं गेलो आणि चहापाण्यात, मानापानात निघायला उशीर झाला. नाव मध्यावर आली आणि आभाळ भरून आलं, वारं सुटलं. गावातली लाईट नेहमीप्रमाणं गेलेली. काठ कुठला आणि पाणी कुठलं, काही कळेना. गावाच्या खालच्या अंगाला जुन्या फुटक्या बंधाऱ्याचे दगडी खांब पाण्यात दडलेले. नाव त्यावर गेली असती तर संपलंच. शिवा नावाड्यानं वल्हं थांबवलं. तो म्हणाला, "कुनीकडं जाऊ, ह्येच उमजंना."

आत्याबाईंनी माझं मनगट आवळलं. बायका देवाचं नाव घ्यायला लागल्या. तेवढ्यात उजव्या हाताला, उंचावर, एक पिवळा ठिपका दिसला. वाऱ्यानं थरथरला, पण विझला नाही.

आत्याबाई नावेतच उभ्या राहिल्या. "आरं शिवा, ती आप्पाची बत्ती! तिच्या तोंडावर घाल नाव!"

"आत्याबाई, खाली बसा, न्हाईतर बत्तीच्या आधी तुमीच वर पोचाल!"

त्या भीतीतही सगळ्या हसल्या. शिवानं बत्तीवर नजर ठेवून वल्हं मारलं आणि नाव सरळ आमच्या घाटाला लागली. आम्ही नदीच्या पाण्यानं भिजलेल्या लुगड्यांनिशी धावत आप्पांच्या दारी गेलो. वर पाहिलं तर गडी अंगावरचं घोंगडं दोन्ही हातांनी ताणून बत्तीला आडोसा करून उभा. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत.

"समदी उतरली का?" त्यांनी विचारलं.

"व्हय, समदी!"

"मंग ठीक हाय."

दुसऱ्या दिवशी गावानं सत्कार ठरवला. देवळापुढं, हलगी लावून, मागाहून पंगत. आप्पा आलेच नाहीत. सरपंच बोलवायला गेले तर वरूनच उत्तर. "दिवेलागनीला सत्कार ठिवतंय का कुनी?"

मग गावच आप्पांच्या दारी आलं. शिडीवरून हार चढला, फेटा चढला, सरपंच चढले. शिवानं एवढा गुलाल उधळला की आप्पा ओरडले, "काच! आरं, काच संभाळा!" हलगी कडाडली. ज्यांनी इतके दिवस जहाजाची चौकशी केली, तेच आता गल्लीत नाचत होते.

"आता पंगतीला तरी चला," मी म्हणाले.

आप्पांनी मान हलवली. "बदली मानूस आल्याबिगर बत्ती सोडायची नसती, पोरी. कोकनात अशीच बदली आली न्हाई येकदा. हिकडं आमची मंडळी आजारी. मी पोचलो, तवा तिचं दहावं बी झालं व्हतं."

हलगी थांबली. आत्याबाईंनी पदर खोचला आणि शिडी धरली. हाशहुश करत वर गेल्या आणि बत्तीशेजारी मांडी घालून बसल्या.

"काय करायचं ते सांगा," त्या म्हणाल्या, "आन् जेवून या."

आप्पांनी वात कशी, वारं कुठलं, सगळं दोनदा समजावलं. मगच उतरले. पंगतीत माझ्या नवऱ्याशेजारी बसून सावकाश जेवले. वाढणाऱ्याला नाही म्हणाले नाहीत. पानं उचलली, माणसं हात धुवायला गेली, तरी ते उठेनात. मी जवळ गेले तेव्हा फेटा मांडीवर घेऊन त्यांनी हळूच विचारलं,

"वर त्या हायेत न्हवं? मंग जरा बसू का आनखी?"