सबनीसकाका आणि चौकटीतला शिक्का

सबनीसकाकांच्या हातात कुठलीही वस्तू द्या, ते ती आधी उलटी करतात. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा ताट उलटं करून त्यांनी शिक्का शोधला. नशीब, आमटी वाढायची होती. आमचे चिरंजीव इथल्या, जर्मनीतल्या येना गावच्या हॉस्पिटलात जन्मले, तेव्हा काकांनी त्याला हातात घेऊन आधी तळपाय तपासले. नर्सने वेळीच हिसकावून घेतला नसता तर खिशातलं भिंगही निघालं असतं.

माणूस मूळचा सांगलीचा, मेकॅनिकल इंजिनिअर. लेन्सच्या कारखान्यात तीस वर्षं घासून रिटायर झाला. मुलगी हॅनोव्हरला, हे फोनवर मराठीत तासभर बोलतात आणि ती पलीकडून जर्मनमध्ये "या, पापा", म्हणजे "हो, पापा", एवढंच म्हणते. वेड कसलं, तर फिनलंडच्या जुन्या लष्करी रायफलींचं. त्याही उडवायला नकोत. थर्टी फर्स्टला जर्मन लोक फटाके लावतात तेव्हा हे कानात कापूस घालून बाथरूममध्ये बसतात. यांना फक्त रायफलीवरच्या खुणा वाचायच्या असतात.

"फिनलंडवाल्यांनी रशियन रायफली घेतल्या, नळ्या बदलल्या, लाकडी दस्ते दोन तुकडे जोडून केले. हा सांधा बघ, बोटांत बोटं गुंतवल्यासारखा. आणि वर ठोकला चौकटीत एसए. म्हणजे माल फौजेचा. गेनाऊ? बरोबर?"

हे त्यांनी मला लिफ्टमध्ये, बर्फ उपसताना आणि एकदा तर माझं रूट कॅनाल चालू असताना सांगितलंय. माझं तोंड उघडं होतं, पण बोलता येत नव्हतं. त्यांना असाच श्रोता लागतो.

पंचक्रोशीतले जर्मन नेमबाज काकांना टरकून असतात. "शिक्का कुठाय?" म्हटलं की सहाफुटी गडी पहिलीतल्या पोरांसारखे खाली बघतात.

मागच्या महिन्यात आमच्याच इमारतीत काकांच्या बरोबर खाली, तळमजल्यावर राहणाऱ्या फ्राऊ केलरनी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांचा नवरा हिवाळ्यात गेला. त्याची निकामी केलेली, भिंतीवर टांगायची रायफल नेमबाजांच्या क्लबात त्याच्या नावाच्या पाटीसह लागणार होती. अट एकच: ती खरंच फिनलंडची आहे, असं काकांनी लिहून द्यायचं.

"क्लबात सगळे त्याला थापाड्या म्हणायचे, हेर्र सबनीस," बाई म्हणाल्या. "तुम्ही काय म्हणाल ते खरं."

काकांनी भिंग लावलं. दस्ता अखंड, सांध्याचं नाव नाही. नळीवर चौकटीतला एसए मात्र होता. तो मलासुद्धा कळला: चौकट तिरकी, एस दमून आडवा पडलेला, आणि खोबणीतला धातू कालच घेतलेल्या वाटीसारखा लखलखीत. हा शिक्का महायुद्धातला असेल तर मी फिनलंडचा राष्ट्रपती.

एका चुकीच्या स्क्रूवरून या माणसाने म्युझियमला अकरा पानी पत्र लिहिलेलं मी पाहिलंय.

"शिक्का आहे," काका म्हणाले. त्यांनी कागद ओढला, चार ओळी लिहिल्या, सही केली. फ्राऊ केलर तो कागद पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या.

जिन्यात मी म्हणालो, "काका, तो घरी ठोकलाय."

"मला शिकवतोस?"

"मग सही का केलीत?"

काका कठडा धरून थांबले. "दोन वर्षांमागे मीच त्याला चारचौघांत म्हणालो, शिक्का नाही, तुझी रायफल फिनलंडची नाही. त्या दिवसापासून आमची रविवारची कॉफी बंद."

"बरं, पुढं?"

"पुढं काय. कुठून तरी शिक्क्याचा पंच आणून बसला असेल ठोकत. मला दाखवायला. वर यायचं राहिलं त्याचं." त्यांनी खालच्या पायऱ्यांकडे बोट दाखवलं. "एकच मजला होता रे. मी तरी कुठं उतरलो."