उश्यांच्या टेम्पोचे नवे हेडलाइट

"माल न भरताच हेडलाइट सेट करताय? जावईबापू, अक्कल गहाण ठेवलीत की काय?"

सासऱ्यांनी खिडकीतून हे विचारलं तेव्हा जावई शेडमध्ये टेम्पोपुढे उकिडवा बसला होता. हातात स्क्रूड्रायव्हर, तोंडात टॉर्च. टॉर्च नसता तर तोंडातून दुसरंच काही निघालं असतं.

जुन्या काचा इतक्या पिवळ्या पडल्या होत्या की अंधारात रस्ता दिसायचा नाही, रस्त्याची नुसती आठवण यायची. मागच्या आठवड्यात तर, तो रोज माल पोचवतो त्या हॉटेलात, गेट समजून त्याने टेम्पो फुलांच्या वाफ्यात घातला. मॅनेजर म्हणाला, "परत असं केलंस तर ही फेरी दुसऱ्याला." म्हणून आज नवेकोरे हेडलाइट. संध्याकाळी सातला निघायचं होतं. समोरच्या भिंतीवर खडूची रेघ मारली होती. उजेड रेघेवर आला की काम फत्ते.

पण सासरे खाली आलेच. तीस वर्षं वजनकाट्यावर नोकरी केलेला माणूस. जड आणि हलकं, यापलीकडे त्यांना जगात काही दिसायचं नाही.

"मागे वजन पडलं की गाडीचं नाक वर होतं. मग उजेड रस्त्यावर नाही, झाडावरच्या कावळ्यांवर!"

"माल सहाला येणारे, मामा."

"मग आम्ही काय मेलोय?"

सासरे मागे चढले. त्यांनी सासूबाईंना चढवलं. आईला धरायला म्हणून बायकोही चढली. टेम्पो मागून दबला आणि उजेड टुणकन रेघेच्या वर उडाला. म्हातारा खरं बोलत होता, हेच जावयाला जास्त झोंबलं. त्या भरात आपण माल काय नेतो हेही विसरून त्याने स्क्रू पिळून उजेड खाली रेघेवर आणला.

सहाला माल आला. ऐंशी उश्या.

ढीग लागला तरी टेम्पो तसूभर दबला नाही. हेडलाइट लावले, तर उजेड बंपरच्या पायाशी लोळण घेतोय.

"आधी सांगायचं ना, काय माल आहे ते!" सासरे उलट त्याच्यावरच खेकसले.

"चार वर्षं उश्याच नेतोय मी! आणि तुमच्याच घरात राहून!"

त्या तावात त्याने स्क्रू उलटा पिळला. कट्! तुटला. दुसऱ्या लाइटचा तरी वाचवू म्हणून गेला. कट्! दुकानात फोन केला. "उद्या सकाळी या."

"वाळूची गोणी टाकूया?" बायकोने विचारलं.

"पांढऱ्या उश्यांवर? मॅनेजर मलाच त्या वाळूत पुरेल!"

 सासूबाई आत गेल्या, पाय धुऊन, धुतलेली चादर घेऊन आल्या. उश्यांवर चादर अंथरली आणि वर चढून मांडी घातली.

"बघत काय उभे राहिलात? पाय धुवा सगळ्यांनी."

सासरे चढले, बायको चढली. उजेड रेघेवर. तंतोतंत.

"उद्या पहिलं काम, स्क्रू आणतो," जावई दात खात म्हणाला.

"कशाला खर्चात पडताय?" सासरे उश्यांवर आडवे होत म्हणाले. "फार मऊ आहे हो हे."

"चहा तरी बरा मिळतो का हो त्या हॉटेलात?" सासूबाईंनी वरून विचारलं.

 सात वाजले होते. तिघांना उश्यांवर तसंच घेऊन जावयाने टेम्पो सुरू केला.