तीनशे दोनमधली सात मिनिटं

चौथा शनिवार उजाडेपर्यंत आशालताची खात्री पटली होती, की सुझान मॅडमकडे आता आपल्याला शिकवण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही. वेळ पडली तर एखादा शनिवार आपणच घेऊ शकू, असं तिने श्रीरंगला, म्हणजे नवऱ्याला, आमटी वाढता वाढता सांगूनही टाकलं. श्रीरंगने मान डोलावली. लग्नाच्या नऊ वर्षांत तो ही एकच विद्या शिकला होता, पण त्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

क्लास वसईत, चर्चमागच्या हॉलमध्ये भरे. ज्या मुलांचं लक्ष एका जागी टिकत नाही, बूड एका जागी टिकत नाही, आणि तक्रारी मात्र शाळेच्या वहीत कायम टिकून राहतात, अशा मुलांच्या आयांसाठी. मॅडम त्याला एडीएचडी म्हणत. १९९९ साली विरारच्या अख्ख्या मनवेलपाड्यात हा शब्द माहीत असलेली आशालता एकटीच. त्यामुळे भाजीवाल्यापासून गिरणीवाल्यापर्यंत सगळ्यांना तिने तो एकेकदा ऐकवला होता.

तिची क्षितिजा सात वर्षांची. लोक तिला खोडकर म्हणत, पण खोडकर मुलं दोन खोड्यांच्या मध्ये दम तरी घेतात. ही घेत नसे. शाळेत शिक्षिका फळ्यावर लिहायला वळल्या की क्षितिजा वर्गाला प्रदक्षिणा घालून परत जागेवर येई, आणि कधी कधी शेजारच्या वर्गातूनही जाऊन येई. मुख्याध्यापिकाबाईंनी बजावलं होतं, की जूनपर्यंत मुलगी बाकावर बसायला शिकली नाही तर दुसरी शाळा बघा. त्या दिवसापासून आशालता क्लासला जाऊ लागली, आणि वहीत मॅडमचा शब्दन् शब्द उतरवून घेऊ लागली.

चौथ्या शनिवारचा धडा होता 'टाइम-आउट'. मुलाने मर्यादा ओलांडली की ओरडायचं नाही, मारायचं नाही. त्याला एका कंटाळवाण्या जागी बसवायचं. जितकं वय तितकी मिनिटं. त्या वेळात बोलायचं नाही, उठायचं नाही. बोललं किंवा उठलं तर मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. आशालताने हे सगळं लिहून खाली दोन रेघा मारल्या आणि घड्याळ बघितलं. साडेचार. विरारला त्या दिवशी साडेपाचला पाणी यायचं होतं, आणि तो दिवस चुकला की थेट सोमवार. ती पर्स उचलून निघाली. पुढच्या अर्ध्या तासात फार तर चहापाणी होईल, असं तिने धरून चालावं हे तिच्या स्वभावाला साजेसंच होतं.

घरी आल्यावर पहिली अडचण उभी राहिली, ती कंटाळवाण्या जागेची. एक खोली आणि स्वयंपाकघर एवढ्या घरात कंटाळवाणी जागा आणायची कुठून? सिलिंडरजवळच्या कोपऱ्यात बसवलं तर क्षितिजाने सिलिंडरची टोपी काढून डोक्यावर घातली. गॅलरीत बसवलं तर कपड्यांचे सगळे चिमटे खालून जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटले. बाथरूममध्ये भरून ठेवलेल्या पिंपात अंगाची साबणवडी सोडली, तेही पाणी नसलेल्या दिवशी.

शिवाय आशालताने मॅडमच्या पद्धतीत एक भर घातली होती. मुलगी खरंच नियम पाळते का हे बघायला ती मधूनच स्वयंपाकघरातून लाडाने हाक मारी, की क्षितू, चॉकलेट देऊ का गं? क्षितिजा धावत आली की ही विजयी मुद्रेने म्हणे, उठलीस ना, आता पहिल्यापासून. असं आठवड्यात पाचेक वेळा झालं. एकदा तर तिने पडल्याचं नाटक करून 'आई गं' असंही म्हणून बघितलं. मॅडमना ही युक्ती सांगायलाच हवी, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

पुढच्या शनिवारी क्लासला सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी क्षितिजाने गच्चीत वाळत घातलेल्या हंसाबेनच्या पापडांवरून, एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत, या टोकापासून त्या टोकापर्यंत फेरी पूर्ण केली. हंसाबेन समोरच्या तीनशे तीनमध्ये राहत. त्यांनी दारात येऊन पापडाचा चुरा दाखवला, आणि त्याच क्षणी आशालताचं लक्ष त्यांच्या शेजारच्या बंद दाराकडे गेलं. तीनशे दोन.

हा फ्लॅट घाटकोपरच्या जितेशभाईंनी घेऊन नुसता ठेवून दिला होता. त्या काळी विरारला प्रत्येक मजल्यावर असा एखादा बंद फ्लॅट असायचा, आणि त्याची किल्ली शेजाऱ्यांच्या खिळ्याला. तीनशे दोनची किल्ली आशालताकडे होती. आत खुर्ची नाही, पंखा नाही, भिंतीवर कॅलेंडरसुद्धा नाही. जगात याहून कंटाळवाणी जागा शोधून सापडली नसती, आणि ती तीन पावलांवर होती!

तिने क्षितिजाला खोलीच्या मधोमध मांडी घालून बसवलं. मांडीवर गजराचं घड्याळ दिलं आणि दाखवलं, की मोठा काटा सात बारीक रेघा पुढे गेला की झालं. बोलायचं नाही, उठायचं नाही, कोणी काही म्हटलं तरी नाही. नाहीतर रेघा पहिल्यापासून मोजायच्या. आत कोंदट वास येत होता म्हणून आशालताने किल्ली तिथल्याच ओट्यावर ठेवून खिडकी सताड उघडली, आणि दार नुसतं लोटून ती गॅसवरचं दूध बघायला आली.

दूध उतरवलं, तेवढ्यात वारा आला. तीनशे दोनचं दार धाडकन आपटलं आणि लॅच बसलं, किल्ली आतच.

आशालता घाबरली नाही. लॅच आतून नुसतं फिरवलं की उघडतं, क्षितिजाचा हात तिथे सहज पोहोचतो. सात मिनिटं झाली की उघडेल, असं म्हणून ती दाराशी उभी राहिली आणि आतल्या शांततेचं कौतुक करू लागली. काय शांतता होती! पाय आपटणं नाही, गाणं नाही, भिंतीवर नख ओढणं नाही.

दुसऱ्या मिनिटाला ते कौतुक आटलं. सात वर्षांत ही मुलगी अशी गप्प झाली होती ती तीनदाच. पहिल्यांदा ती आशालताच्या लग्नातल्या शालूचे काठ कापत होती. दुसऱ्यांदा तिने नाकात शेंगदाणा घातला होता. तिसऱ्यांदा ती गच्चीवरच्या टाकीच्या शिडीवर, वरून दुसऱ्या पायरीवर सापडली होती.

तिने हाक मारली. उत्तर नाही. झालं गं तुझं, आता ये, असं सांगितलं. उत्तर नाही. मग तिने तिचं हुकमी अस्त्र काढलं, की क्षितू, चॉकलेट देते, लॅच फिरव. चॉकलेट म्हटल्यावर झोपेतून उठणारी ही मुलगी, आणि आत चिडीचूप! तिने दोन्ही हातांनी दार बडवायला सुरुवात केली.

श्रीरंग अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत बाहेर आला. हंसाबेन पापड विसरून आल्या. काय झालं ते ऐकून त्या हळूच म्हणाल्या, "आशाबेन, त्या खिडकीला ग्रिल नाय ना अजून?"

नव्हतं. बंद फ्लॅटला ग्रिल कोण बसवतं? आणि ती खिडकी आशालताने स्वतःच्या हाताने उघडली होती, तिसऱ्या मजल्यावरची.

ती जिना कशी उतरली ते तिला पुढे कधीच आठवलं नाही. बिल्डिंगच्या मागे वळायच्या कोपऱ्यावर मात्र ती थांबली. एक पाऊल पुढे टाकलं की दिसणार होतं, आणि ते पाऊल पडेना. देवाचं नाव घ्यायला गेली तर तोंडातून 'क्षितू' एवढंच निघालं. शेवटी तिने डोळे मिटून पाऊल टाकलं आणि मग ते उघडले. रेतीचा ढीग होता. गवत होतं. एक शेळी तिच्याकडे बघत रवंथ करत होती. बाकी काही नव्हतं. आशालता त्या रेतीवर बसून हमसाहमशी रडली, आणि लगेच उठली, कारण वरची खिडकी अजून उघडीच होती आणि मुलगी अजून बोललेली नव्हती.

वर श्रीरंगने दाराला खांदा द्यायचं ठरवलं होतं. तो मागे सरकला, धावत आला, स्वतःच्याच दाढीच्या फेसावरून घसरला आणि दारापर्यंत पोहोचायच्या आतच आडवा झाला. त्याच वेळी आतून काहीतरी बारीक आवाज आला. श्रीरंगच्या मते ती उचकी होती. हंसाबेनच्या मते हुंदका होता, आणि असा हुंदका त्यांच्या काकाजींना अगदी शेवटी आला होता. यानंतर आतून काहीच आलं नाही.

श्रीरंग तसाच अर्ध्या दाढीने मागच्या चाळीतल्या फ्रान्सिस सुताराला आणायला पळाला. आशालताने हंसाबेनच्या घरातून सुझान मॅडमना फोन लावला. मॅडम नुकत्याच चर्चमधून परतल्या होत्या. आशालताने रडत रडत सगळं सांगितलं. मॅडम शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी एकच विचारलं.

"दार उघडं ठेवलंय ना तुम्ही?"

आशालताने हाताने नाक पुसलं.

"दार उघडं हवं, आणि मूल आपल्या नजरेसमोर हवं. मागच्या क्लासला मी शेवटी हेच तीनदा सांगितलं, आशालताताई. तुम्ही पाण्यासाठी गेला होतात का?"

आशालताने रिसीव्हर खाली ठेवला. दोन पिंपं पाण्यासाठी आपण मुलगी घालवली, असं तिला वाटलं. एडीएचडी म्हणे. लेक शाळाभर फिरली असती, दहा शाळा बदलल्या असत्या, सगळ्या विरारचे पापड तुडवले असते, तरी चाललं असतं. नुसता पायांचा आवाज यायला हवा होता. सात वर्षं ज्या आवाजाने तिचं डोकं उठत होतं, तो ऐकायला ती आता दाराला कान लावून बसली. तिने शेवटची हाक मारली. त्यात युक्ती नव्हती, चॉकलेट नव्हतं. फक्त रडणं होतं.

फ्रान्सिस आला तो चर्चच्या इस्त्रीच्या कपड्यांत, हातात पटाशी आणि हातोडा घेऊन. "बाय, बाजूला हो," एवढंच तो म्हणाला. चार घाव घातले. पाचव्याला लॅच लाकडासकट निघालं आणि दार उघडलं.

क्षितिजा खोलीच्या मधोमध बसली होती. तशीच, मांडी घालून. मांडीवर घड्याळ, ओठांवर बोट. तिने चौघांकडे रागाने बघितलं आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं वर केली.

आशालताने झेप घेऊन तिला छातीशी धरलं. मुलगी गरम होती, धडधड करत होती, तिच्या केसांना पापडाचा वास येत होता. पहिली बोलली ती क्षितिजा.

"आई! दोनच रेघा राहिल्या होत्या!"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्या वेळी पाच रेघा झाल्या होत्या, पण तिला शिंक आली. शिंक म्हणजे बोलणं की नाही, हे तिला कळेना, म्हणून तिने आपणहून पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या वेळी बाबा धपकन पडल्याचा आवाज आला आणि हसू फुटलं. म्हणून पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी मोजताना रेघ चुकली. अशी ती एकूण चार वेळा बसली होती. कोणी बघत नव्हतं तरी.

"अगं, पण मी एवढ्या हाका मारल्या," आशालता म्हणाली. "रडले मी. ऐकू नाही आलं तुला?"

"आलं की," क्षितिजा म्हणाली. "चॉकलेटची ट्रिक तर मला माहीतच होती. तू रडलीस तेव्हा मला खूप उठावंसं वाटलं. पण म्हटलं, आज आईने ट्रिक एकदम भारी केलीये."

हंसाबेननी पदर डोळ्यांना लावला. फ्रान्सिसने उगाच पटाशीची धार बघितली. आशालता मान खाली घालून फरशीकडे बघत राहिली. चार शनिवारांत वहीभर लिहिलेलं तिला एकदम पोकळ वाटू लागलं. ज्या मुलीला कोणी दोन मिनिटं बसवू शकलं नव्हतं, ती वीस-पंचवीस मिनिटं बसली होती, आणि तिच्यावर विश्वास ठेवायचं मात्र आईला जमलं नव्हतं. आपण तिची माफी मागायला हवी, हे तिला कळत होतं. कुठल्या शब्दांत, ते कळत नव्हतं.

क्षितिजाला माफीबिफी नको होती. तिला तिच्या सात रेघा पूर्ण करायच्या होत्या. तुम्ही दार तोडलंत, मी बोलले, म्हणजे आता पहिल्यापासून, हे तिचं म्हणणं कोणालाच खोडता येईना. आणि या वेळी कोणी मध्ये बोलायला नको म्हणून सगळ्यांनी तिच्यासोबत बसायचं होतं.

म्हणून चौघंही भिंतीला टेकून बसली. अर्ध्या दाढीचा श्रीरंग, रुमाल अंथरून फ्रान्सिस, हंसाबेन आणि आशालता. मोडकं दार उघडंच होतं. दुसऱ्या रेघेला हंसाबेनना गॅसवरची डाळ आठवली आणि ते त्यांनी बोलून दाखवलं. पहिल्यापासून. तिसऱ्या रेघेला श्रीरंगने विचारलं, की किती झाल्या. पहिल्यापासून. पुढे फ्रान्सिस नुसता 'आय शप्पथ' म्हणाला, तेही चाललं नाही.

चौथ्या खेपेला सगळे वठणीवर आले. एक, दोन, तीन. खाली शेळी ओरडली, कोणी हललं नाही. पाच. सहा. क्षितिजा काट्यावर नजर रोखून बसली होती, पाठ ताठ, बोट ओठांवर, आणि तिच्या पायाचा अंगठासुद्धा हलत नव्हता. आशालता तिच्याकडे बघत राहिली. कौतुक ताबडतोब करावं, मागाहून केलं तर वाया जातं, हे तिने पहिल्याच शनिवारी लिहून घेतलं होतं. पण हे त्या वहीतलं नव्हतं, आपोआप आलं.

"शाबास गं माझ्या राणी," ती म्हणाली.

श्रीरंगने कपाळाला हात लावला. क्षितिजाने आईकडे बघितलं, अगदी सुझान मॅडमसारखं, न रागावता, न ओरडता. मग तिने घड्याळ मांडीवर नीट सरळ केलं आणि पुन्हा पहिल्या रेघेवर बोट ठेवलं.