टाचेवरची मिशी

जोडेवाल्या काकांच्या प्रत्येक जोड्याच्या टाचेवर त्यांच्या वडिलांची मिशी होती. म्हणजे मिशीची खूण, ट्रेडमार्क म्हणून रीतसर नोंदवलेली. वडील जाऊन वीस वर्षं झाली होती, पण मिशी टाचेवर शाबूत होती आणि हुबेहूब तशीच काकांच्या ओठावरही.

एका दुपारी सूनबाई मोबाइल घेऊन दुकानात आली. "बाबा, हे बघा. हा खेळवाला आपल्या खुणेचे जोडे खेळात विकतोय."

पडद्यावर एक हिरवा राक्षस मिशीवाले जोडे घालून उड्या मारत होता.

"पण हे घालायचे कुणी?"

"राक्षसानेच. आपल्या हातात काही येत नाही."

"आणि तरी लोक विकत घेतात?" काकांना त्या विक्रेत्याचा आधी हेवा वाटला आणि मग राग आला.

काकांनी एका वकीलबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "काका, तुमची नोंदणी खऱ्या जोड्यांची. खेळातल्या जोड्यांसाठी वेगळा अर्ज लागतो."

काका इरेला पेटले. आभासी जोडे, आभासी चपला, आभासी नाड्या, एवढंच काय, आभासी पॉलिशसुद्धा त्यांनी अर्जात घातलं. गिऱ्हाईक एका पायात नुसता मोजा घालून ताटकळत बसे आणि काका राक्षसाच्या नाड्यांचा विचार करत. टपाल उघडायलाही त्यांना सवड नव्हती. दुकानात आलेला कागद तसाही वाया जात नसे. आकार टिकावा म्हणून तो चुरगाळून नव्या जोड्याच्या टोकात कोंबला जाई.

दीड वर्षाने प्रमाणपत्र वकीलबाईंकडे आलं. काकांनी मिशीला पीळ दिला आणि खेळवाल्याला नोटीस धाडली. आठवड्यात त्याचं उत्तर आलं. वकीलबाई ते घेऊन स्वतः दुकानात आल्या आणि त्यांनी वाचून दाखवलं.

"खेळातली मिशी आम्ही काढत आहोत. मात्र खऱ्या जोड्यांची आपली नोंदणी नूतनीकरण न केल्याने गेल्या वर्षीच रद्द झाली. ती खूण आता आमच्या नावावर आहे. आपल्या टाचांवरची मिशी उतरवावी."

"काका, नूतनीकरणाच्या सूचना आल्या असतील की. एकही वाचली नाहीत?"

काकांनी फळीवरचा एक जोडा उचलला आणि टोकातला कागद ओढून सरळ केला. शेवटची सूचना. शेजारच्या जोड्यात पहिली निघाली. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. वडील दुसऱ्यांदा गेल्यासारखं त्यांना वाटलं.

"निदान राक्षसाचे जोडे तरी आपले ना?" त्यांनी विचारलं.

"ते पूर्ण सुरक्षित आहेत. पॉलिशसकट." वकीलबाई निघता निघता थांबल्या आणि काकांच्या ओठाकडे बघत राहिल्या. "काका, खऱ्या जोड्यांसाठी आपण दावा लावू. पण निकाल लागेपर्यंत काउंटरवर सूनबाईंना बसवता का?"