गव्हाणे सर आणि त्यांचे स्फोट

गव्हाणे सर आमच्या घरी आले की आधी खुर्ची उचलतात. ना नमस्कार, ना चमत्कार. खिडकीजवळची खुर्ची उचलायची, आतल्या भिंतीला लावायची आणि मग टेकायचं. "काचेकडं पाठ करून बसू नये," हे पहिलं वाक्य. "धक्का लांबून येतो, पण जखम आपल्याच काचेनं होते," हे दुसरं. तिसरं वाक्य चहाबद्दल असतं. परभणीतल्या आमच्या गल्लीत धक्का लागला तर फार तर ऑटोचा लागेल. पण हे सरांना कोण सांगणार?

सर संरक्षक बांधकामांचे इंजिनिअर. कुठं स्फोट झाला तर हवेची लाट कशी धावेल, भिंतीवर किती जोरानं आणि किती वेळ आदळेल, हे ते संगणकावर मांडतात. त्यावरून भिंत किती जाड हवी, सळई किती, दार कसं, ते ठरतं. दारूगोळ्याच्या कोठारांसाठी त्यांनी उभा जन्म हेच केलं. निवृत्त होऊन परभणीला परतले, तरी नाद सुटलेला नाही. लोक पाहुण्यांना नातवाच्या बारशाचा व्हिडिओ दाखवतात. सर भिंतीवर आदळणारी लाट दाखवतात. "लाल दिसतंय तिथं उभे असाल तर गेलात. निळं दिसतंय तिथं खुशाल चहा प्या." माझ्या बायकोनं एकदा "मग स्वयंपाकघर कुठल्या बाजूला असावं?" असं विचारलं. तेव्हापासून आमच्या घरात तेवढी एकच हुशार, असं त्यांचं मत आहे.

मानवतला एका लग्नात त्यांना सोबत न्यायची अवदसा मलाच आठवली. वरात अरुंद गल्लीत शिरली, पोरांनी सुतळी बॉम्ब मांडले आणि सर हात पसरून आडवे आले. "दोन भिंतींच्या मधी लाट मरत नसते, उलटी फिरते! मैदानात चला!" घोड्यापुढं नाचणारा नवरदेवाचा मामा थांबला. "ओ साहेब, लगीन हाय का लढाई?" शेवटी वरात मैदानात गेली. जेवणाच्या पंगतीत मात्र आमच्या शेजारी कुणी बसेना.

यंदाच्या उन्हाळ्यात मात्र गोष्ट घरापर्यंत आली. पेडगावला सरांची थोरली बहीण गयाक्का राहते. आई गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं. खुब्याचं हाड मोडून ती खाटेवर होती आणि तिला अजिबात हलवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिच्या पत्र्याच्या घराजवळच शेजाऱ्याची विहीर. पाणी तळाला गेलेलं, तळाशी काळा खडक, सुरुंगाशिवाय इलाज नाही. त्याची जनावरं पाण्यावाचून हंबरत होती. त्याला थांब तरी कसं म्हणणार?

सरांनी आक्काच्या दोन खोल्यांचं गणित दारूगोळ्याच्या कोठारासारखं मांडलं. विटा, दार, खिडकी, पत्रे. एवढंच काय, वाऱ्यानं पत्रे उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगडसुद्धा. दगडांपाशी संगणकाचा पडदा लाल झाला. मग ते दगड उतरवायला पत्र्यावर कोण चढलं ते विचारू नका, माझी कंबर अजून सांगते. पत्रे बोल्टनं आवळले, खिडकीची काच काढली, सगळे सुरुंग एकदम न उडवता एकेक उडवायचे असं सुरुंगवाल्याकडून कबूल करून घेतलं. शेवटी पडदा निळा झाला. "आक्काच्या केसालाही धक्का लागत नाही," सर म्हणाले. मी निर्धास्त झालो.

ठरल्या दिवशी सुरुंगवाल्यानं लाल फडकं हलवत हाळी दिली, "सुरुंग हाय! लांब व्हा, सुरुंग हाय!" माणसं लांब पांगली. सर मात्र घरात शिरले.

"सर, सगळं निळं आहे ना? मग बाहेर चला की!" मी दारातून म्हणालो.

"ती एकटी हाय आत," ते एवढंच म्हणाले.

त्यांच्या कपाळावर घाम होता, नजर सारखी खिडकीकडं जात होती. माझी गाळणच उडाली. "गणित चुकलंय का, सर?"

उत्तर खाटेवरून आलं. "गणित न्हाई चुकलं. ह्याला आवाज सोसत न्हाई. लहानपणापासनं असाच. दिवाळीत टिकली वाजली तरी माझ्या पदरात शिरायचा." मग भावाकडं बघून, "उगं कशाला आलास रे बापू? मी काय घाबरायलेय का?"

पडद्यावरच्या स्फोटाला आवाज नसतो, हे मला तेव्हा कुठं उमगलं.

सर खाटेशी जमिनीवर बसले आणि तिच्या उशीला डोकं टेकलं. गयाक्कानं आपले दोन्ही तळवे त्यांच्या कानांवर दाबून धरले. सुरुंग उडाला. जमीन हादरली, पत्रे झणझणले, थोडी माती पडली. घर जिथल्या तिथं.

"झालं, बापू. झालं बघ," गयाक्का म्हणाली. मला एकदम भरून आलं. ते दिसू नये म्हणून मी पत्रे तपासायला लागलो.

बाहेरून सुरुंगवाला ओरडला, "सर, भिंतीला तडा बी न्हाई! या आता भायेर, बाकीचे बी उडवतो."

सर उठले नाहीत. त्यांनी आक्काच्या चादरीवरची माती झटकली आणि पुन्हा उशीला डोकं टेकलं. आक्काचे हात त्यांच्या कानांवर गेले. या खेपेला त्यांनीही आपले हात वर नेले आणि तिचे कान झाकले.

"सांगा त्याला," ते मला म्हणाले, "उडव म्हणावं."