काठ न बांधलेली सुपं

हौसामावशी अर्धवट सुपं विकायला आणायची. बांबूचं सूप विणून पुरं, पण काठ मोकळा. गिऱ्हाईक आलं की आधी त्याला पोत्यावर बसवायची, मग काठ बांधायला घ्यायची.

"डावखुरा हायेस का उजवा?" हा पहिला प्रश्न. काठाची गाठ अंगठ्याखाली आली तर पाखडताना टोचते, असं तिचं म्हणणं. इथवर ठीक. पण मग घरात कोण कोण, भाकरी कोण करतं, सासू बोलते का, सगळं निघायचं. कोणी घड्याळ बघितलं की म्हणायची, "घाई हाय? मग ऊठ."

दिवाळीआधी महाळुंग्यात एका नव्या सोसायटीच्या मैदानावर आठ दिवस बाजार भरतो. मी तिथे गोधड्या घेऊन बसते. मावशी माले गावची, तिची जागा माझ्या शेजारी. मला गिऱ्हाइकाशी बोलायला जमत नाही, मान खाली घालून टाके घालत राहते. मावशी दोघींच्या वाटचं बोलायची.

एकदा कंपनीतला एक माणूस आला. त्याला सूप भिंतीवर लावायला हवं होतं.

"भितीवर? आन् तांदूळ कशात पाखडतुस?"

"पाखडत नाही, आजी. ऑनलाइन साफ केलेलेच येतात."

"मग खडे कुटं जात्यात?"

तेवढ्यात त्याला ऑफिसचा फोन आला. मावशी फोनकडे तोंड करून ओरडली, "काठ बांधतुया. थांबा जरा!"

अशानं दिवसाला दोन-तीन सुपं खपायची. बाकीची गिऱ्हाइकं कंटाळून निघून जायची. चौथ्या दिवशी बाजार भरवणाऱ्या मॅडम आल्या. म्हणाल्या, "आजी, लोक तक्रार करतात. उद्या तयार सुपं आणा, नाहीतर ही जागा दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल."

परतताना गाडीत मी म्हटलं, "मावशी, आना की बांधून. जागा गेली तर?"

"मला काय बांधाया येत न्हाई व्हय?"

"येतंय की. म्हनून तर म्हनते."

दुसऱ्या दिवशी मावशीनं सगळी सुपं काठ बांधून आणली. लोक आले, उचललं, मोबाइलनं पैसे दिले, गेले. पोत्यावर कोणी बूड टेकलं नाही. दुपारपर्यंत एकही सूप उरलं नाही. मॅडम खूश झाल्या, "आता तुमची जागा पक्की," म्हणाल्या. माझाच सल्ला, मलाही बरं वाटलं.

"मावशी, गेली का न्हाई सगळी?"

"गेली."

मग ती रिकाम्या जागेवर तशीच बसून राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत. चारची गाडी यायची वेळ झाली तरी उठेना.

"निघा की मावशी. सामान बी न्हाई काय."

"जाऊन काय करू? भांड्यांसंगं बोलू?" असं म्हणून ती हसली. मला हसू आलं नाही. हातातल्या गोधडीचं एक टोक मी तिच्या मांडीवर सरकवलं.

"एवढं धरा, मावशी. कापड सरकतंय."

गोधडीला टाके घालताना टोक धरायला दुसरं माणूस लागत नाही. मावशीनंही जन्मभर गोधड्या शिवल्या होत्या. तरी सहाच्या गाडीपर्यंत तिनं ते टोक दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.