गवती चहा आणि माझी दहा बोटं

"शांत व्हायला मला एक सकाळ पुरे!" असं मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा तिने कात्री आणून माझ्यासमोर ठेवली.

झालं होतं असं की, आमच्या ऑफिसात तक्रार विभागाच्या प्रमुखाची खुर्ची रिकामी होती आणि ती मला हवी होती. कोणी नसताना मी तिच्यावर दोनदा बसूनही बघितलं होतं. पण आमच्या वरिष्ठ मॅडम म्हणाल्या, "तुमचं काम चोख आहे हो, पण तुम्ही दोन मिनिटं एका जागी टिकत नाही. पाय काय हलवता, पेन काय आपटता! तिथे शांत माणूस लागतो. शुक्रवारी दहाला या, मग ठरवू."

म्हणून शुक्रवारी सकाळी गवती चहा! बायको वर्षानुवर्षं तो बिनदुधाचा पिते आणि माझ्याशी संसार करूनही शांत आहे. आणखी काय पुरावा हवा?

"कात्रीने काप हं, पाती धारदार असतात," ती म्हणाली. "पाणी उकळलं की टाक, गॅस बंद कर, झाकण ठेव आणि पाच मिनिटं हात लावू नकोस."

"गवताला कात्री? मी काय न्हावी आहे?" असं म्हणत मी कुंडीतली मूठभर पाती धरली आणि सर्रकन ओढली. उजव्या हाताला जमेना म्हणून डाव्यानेही ओढली. मग अशी बोंब ठोकली की शेजाऱ्यांनी दार उघडलं! दहाही बोटांवर बारीक बारीक चिरा पडल्या होत्या.

पुढची पाच मिनिटं कोण थांबतंय! मी सारखा झाकण उचलून बघत होतो.

"अरे, सगळा वास उडून जाईल!"

उडालाच. उरलं ते कोमट पाणी. मग गुण नाही तर निदान संख्या तरी, म्हणून मी उभ्याउभ्या पाच कप रिचवले. बायकोने स्वतः नीट केलेला चहा थर्मासमध्ये भरून दिला.

"वाटतंय का शांत?"

"प्रचंड!" मी ओरडलो आणि धावत सुटलो.

आमच्या ऑफिसचं दार बोट दाखवल्याशिवाय उघडत नाही. पावणेदहाला मी मशीनवर अंगठा ठेवला. लाल दिवा! तर्जनी ठेवली. लाल! मशीनला माझी दोनच बोटं माहीत होती, मी दहाही दाखवली. तिने एकालाही ओळख दिली नाही.

"हात स्वच्छ करून बघा साहेब," वॉचमनकाका म्हणाले.

शेजारी सॅनिटायझरची बाटली होती. मी भसाभस चोळलं. अहो, त्या चिरांवर स्पिरिट! मी जागेवरच नाचायला लागलो. त्यात पाच कप गवती चहा आता आतून दार ठोठावू लागला.

मागे वीस जणांची रांग लागली होती आणि मी मशीन सोडायला तयार नव्हतो.

"काका, दार उघडा!"

"नोंद झाल्याशिवाय नाही उघडता येत, साहेब. तो थर्मास द्या इकडे, पडेल. घोटभर घेऊ का?"

"सगळा घ्या!"

काकांनी झाकणात चहा ओतला, पण प्यायले नाहीत. आधी डोळे मिटून वास घेतला. "याला घाई चालत नाही," ते म्हणाले. "वास घ्यायचा, छोटा घोट घ्यायचा आणि मग जरा थांबायचं." रांगेतली टायपिस्ट सगळ्यांत जास्त कडाडत होती. काकांनी कागदी कपात तिला थोडा दिला आणि विचारलं, "बोला ताई, काय झालं?" ती बोलत गेली, घोट घेत गेली आणि चक्क हसली! मग तिच्या मागचा, मग त्याच्या मागचा. दोन मिनिटांत रांग गप्प. काकांनी मला अलगद दंडाला धरून बाजूला केलं आणि एकेक जण आत जाऊ लागला.

रांगेत शेवटी मॅडम होत्या. सगळं पाहून झालं होतं त्यांचं.

"मॅडम, मी अगदी शांत आहे!" मी एका पायावर उड्या मारत ओरडलो.

सोमवारी तक्रार विभागाच्या खुर्चीवर वॉचमनकाका बसले. मला वाईट वाटलं. फार वाटलं. मी तडक आत गेलो आणि तक्रार नोंदवली, की ही खुर्ची चुकीच्या माणसाला मिळाली आहे. काकांनी वीस मिनिटं माझं बोलणं एकदाही न तोडता ऐकून घेतलं. सगळं लिहून काढलं, मला वाचून दाखवलं, एक शब्द चुकला होता तो दुरुस्त केला. मग कागद पुढे सरकवला.

आणि काय सांगू, 'तक्रारदाराचे पूर्ण समाधान झाले आहे' या ओळीखाली सही करून मी मुकाट्याने बाहेर आलो!